नजर कोणावर? नर्सच्या दारापासून होस्टेलच्या गेटपर्यंत कॅमेऱ्याची गोष्ट

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजची गोष्ट आमच्याच भागातल्या एका मुलीपासून सुरू होते. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच सांगतोय. नाव, गाव आणि कॉलेज मात्र सांगणार नाही. मुलगी शहरात शिकायला गेली, मुलींच्या होस्टेलवर राहिली. गेटवर सीसीटीव्ही कॅमेरा आहे, हे ऐकून तिच्या आईला किती धीर आला होता! पुढे एक दिवस गावातल्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरायला लागली. होस्टेलचं गेट, एका मोटारसायकलवर एक मुलगा, ही त्याच्या हातून पिशवी घेते, दोघं हसतात, संपलं. केबिनमधल्या स्क्रीनवर चाललेलं चित्र कुणीतरी आपल्या मोबाइलवर टिपून पुढे पाठवलं होतं. पंधरा दिवसांत वडील जाऊन तिची पेटी घेऊन आले. शिक्षण थांबलं.

तो मुलगा कोण, पिशवीत काय होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर ती क्लिप आम्हीही पाहिली. बचतगटाच्या बैठकीत एकीच्या मोबाइलवर चौघी-पाचजणींनी माना घालून पाहिली.

नंतर ते मनाला लागून राहिलं. जो कॅमेरा मुलीच्या रक्षणासाठी बसवला, त्यानेच तिचं शिक्षण कसं बुडवलं? हे यंत्र मुळात आलं कुठून, कुणासाठी आलं, कॉलेजात कधी शिरलं आणि त्याला वेसण घालायचा प्रयत्न कुणी केला? शोधायला बसलो तर या गोष्टीत जागोजागी बायाच भेटल्या.

पहिली बाई अमेरिकेतली. तिचं नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. ही काळी बाई न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहायची. नर्स होती. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा. दोघांच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, त्यामुळे मेरी रात्रीबेरात्री घरात एकटी असायची. वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलिसांना बोलावलं तर ते वेळेवर येतील याचा भरवसा नाही. दारावर थाप पडली की छातीत धडधड.

तेव्हा नवराबायकोने मिळून एक यंत्रणा आखली. दाराला एकाखाली एक बारीक भोकं, उंच माणूस आला तर वरचं, बुटका आला तर खालचं. आतून एक कॅमेरा वर-खाली सरकणार आणि बाहेरच्याचं चित्र झोपण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसणार. बाहेरच्याशी आतूनच बोलायचं. ओळखीचा असेल तर बटण दाबून कडी काढायची, धोका वाटला तर दुसरं बटण दाबून मदत बोलवायची. १९६६ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट मिळालं. बंद तारेवर चालणारे कॅमेरे त्याआधीही होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत रॉकेट उडताना लांबून पाहायला तसा कॅमेरा वापरला होता. पण घराच्या राखणीला कॅमेरा लावायची ही कल्पना त्या नर्सची आणि तिच्या नवऱ्याची.

यातली एक बाब मनात ठेवा. मेरीच्या दारातला कॅमेरा बाहेर बघत होता आणि बघणारी मेरी होती. स्क्रीन तिच्या खोलीत, बटण तिच्या हातात. ज्या बाईला भीती, तिच्याच हाती नजरेची दोरी.

पुढे कॅमेरा बँकांत गेला, दुकानांत गेला, रस्त्यांवर गेला आणि कॉलेजांतही गेला. कॉलेजची गोष्ट सांगायची तर आणखी एका आईकडे जावं लागतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लेहाय नावाचं विद्यापीठ आहे. तिथे जीन क्लेरी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्या वर्षाला शिकत होती. एप्रिल १९८६ मध्ये होस्टेलच्या खोलीत, झोपेत असताना तिच्यावर हल्ला झाला. बलात्कार करून तिचा खून केला, आणि करणारा त्याच विद्यापीठात शिकणारा मुलगा होता. होस्टेलची दारं आपोआप बंद होणारी होती, पण कुणीतरी अडकण लावून ती उघडी ठेवली होती. तो सरळ आत आला.

जीनचे आईवडील कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी. लेक गेल्यावर त्यांना कळलं की त्या आवारात आधीही बरेच गुन्हे झाले होते, पण प्रवेश घेणाऱ्यांच्या आईवडिलांना त्याचा पत्ता नव्हता. आता बघा, त्यांनी मागितलं काय? मुलींवर जास्त पहारा ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, कॉलेजची वही उघडी करा. आवारात किती गुन्हे झाले, ते दरवर्षी सगळ्यांना सांगा. धोका दिसला तर मुलांना वेळेत सावध करा. त्यांच्या खटपटीमुळे १९९० मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. पुढे त्या कायद्याला जीनचंच नाव दिलं. तिथेही नजर मुलीवर नव्हती, संस्थेवर होती.

पण भीती वाढली की संस्था सोपा मार्ग धरतात. २००७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून ३२ जणांना मारलं. त्यानंतर अनेक कॉलेजांनी कुलपं, भोंगे, मोबाइलवर इशारे आणि कॅमेरे यांच्यावर जोर दिला. जसे कॅमेरे वाढले तसे प्रश्न वाढले. वाचनालयात कोण काय वाचतो, मोर्चात कोण उभा राहतो, कोण कुणाबरोबर फिरतो, हे सगळं आता टिपलं जाणार का? म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी कॅमेऱ्याचे लेखी नियम केले. खोलीत आणि न्हाणीघरात कॅमेरा नाही. रेकॉर्डिंग कोण बघू शकतो ते ठरलेलं. ठरावीक दिवसांनी ते पुसायचं.

नियमाने सगळं भागलं असं नाही. लॉस एंजलिसच्या सरकारी विद्यापीठात पुढचं पाऊल टाकायचा बेत झाला. नुसता कॅमेरा नको, चेहरा ओळखणारा कॅमेरा हवा. म्हणजे मुलगी गेटातून गेली की यंत्रच तिचं नाव सांगणार. विद्यार्थ्यांनी विरोध केला. यंत्र चेहरा चुकीचा ओळखतं, त्यातही काळ्या-सावळ्या माणसांचे आणि बायांचे चेहरे ओळखताना जास्त चुकतं, हा त्यांचा एक मुद्दा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडून दिला. तेव्हा मैत्रिणींनो, शिकणारी पोरं बोलली की बदल होतो.

आता आपल्या देशात येऊ.

आपल्याकडे मुलींच्या होस्टेलवर नजर होतीच, कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून. रेक्टरबाईंची वही, सही, गेट बंद व्हायची वेळ, भेटायला येणाऱ्याचं नाव आणि नातं. मुलांच्या होस्टेलला एक नियम, मुलींच्या होस्टेलला दुसरा. कॅमेरा आला तो या जुन्या वहीच्या शेजारी येऊन बसला. मेरीच्या घरी तो बाहेर बघत होता, इथे त्याचं तोंड आत येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे वळलं. स्क्रीन मुलीच्या खोलीत नाही, वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा ऑफिसात. दोरी दुसऱ्याच्या हातात गेली.

अशा नजरेला अडवायचा हक्क माणसाला आहे का, हा प्रश्न आपल्या सुप्रीम कोर्टात जुना आहे. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचे गृहस्थ होते. दरोड्याच्या प्रकरणात पकडले, पुरावा नाही म्हणून सोडले. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाचा कागद उघडा ठेवला. रात्री-अपरात्री दार वाजवून घरात आहेस का म्हणून हाका मारायच्या, कुठे जातोस ते लिहून ठेवायचं. ते कोर्टात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्री घरी येऊन दार वाजवणं चूक, असं कोर्ट म्हणालं. पण खाजगीपणाचा हक्क राज्यघटनेत दिलेला नाही, असंही बहुमताने म्हणालं. हे वाक्य पुढे अनेक वर्षं आडवं येत राहिलं.

मग डिसेंबर २०१२ आला. दिल्लीत बसमध्ये शिकणाऱ्या मुलीवर अत्याचार झाला, ती गेली, देश हादरला. कॉलेजांत मुली सुरक्षित कशा राहतील हे पाहायला विद्यापीठ अनुदान आयोगाने एक गट नेमला. त्या गटाचा 'सक्षम' नावाचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यात स्पष्ट सांगितलं की सुरक्षेचं नाव सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नका. पहारा आणि पाळत वाढवून मुलींचं हिंडणंफिरणं तोडू नका.

दोनच वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, त्याच आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षेची दुसरी सूचनापत्रिका काढली. तिचा सूर निराळा होता. काटेरी तारांच्या भिंती, गेटवर कॅमेरे, ओळखपत्राची तपासणी, होस्टेलमध्ये अंगठ्याची हजेरी. एकाच घरातून दोन तऱ्हेचे सल्ले. एक म्हणतो मुलीवर विश्वास ठेवा, दुसरा म्हणतो भिंत उंच करा. बऱ्याच कॉलेजांना दुसरा सल्ला सोपा वाटला. भिंत आणि कॅमेरा विकत मिळतो, विश्वास थोडाच विकत मिळतो!

त्याच वर्षी दिल्लीतल्या मुलींनी 'पिंजरा तोड' नावाने आवाज उठवला. रात्री गेट बंद करून आम्हाला कोंडू नका, रस्ते सुरक्षित करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१६ मध्ये आयोगाचे लैंगिक छळाविरुद्धचे नियम जाहीर झाले. सुरक्षेच्या नावावर मुलींशी दुजाभाव करू नये, ही गोष्ट त्यात लिहिली गेली. ही मोठी कमाई.

यानंतर २०१७ साल. महिन्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. खडकसिंगांच्या निकालातलं ते अडणारं वाक्य पुसलं गेलं. हा खटला लढवला होता पुट्टस्वामी नावाच्या, नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी. त्या निकालातून आपल्या कामाचं एक माप मिळालं. सरकारला कुणावर नजर ठेवायची असेल तर तीन गोष्टी हव्यात. कायद्याचा आधार हवा, योग्य कारण हवं आणि नजर त्या कारणाच्या मापाची हवी. ढेकणं झाली म्हणून कुणी घर पेटवत नाही.

आणि २१ सप्टेंबर २०१७ ला वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात, संध्याकाळच्या वेळी, होस्टेलकडे परतणाऱ्या एका मुलीची मोटारसायकलवरच्या पोरांनी छेड काढली. तिची तक्रार अशी की जवळ असलेला रखवालदार धावला नाही, आणि एवढ्या उशिरा बाहेर कशाला होतीस, असं उलट तिलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी मुली विद्यापीठाच्या मुख्य गेटवर बसल्या. पुढच्या रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. त्या मुलींच्या मागण्या काय होत्या? रस्त्यावर दिवे, मदतीला धावणारे रखवालदार, तक्रार ऐकून घेणारी माणसं आणि कॅमेरेही.

हो, कॅमेरे त्या मुलींनीच मागितले. म्हणून कॅमेरा वाईट, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. त्यांना कॅमेरा हवा होता तो अंधाऱ्या रस्त्यावर, छेड काढणाऱ्याला पकडायला. मेरीसारखाच, धोक्याकडे तोंड केलेला.

दुसरी बाजूही ऐकायलाच हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये पहिल्या वर्षाचा एक मुलगा वरून पडून गेला. रॅगिंगचा आरोप झाला. तिथल्या विद्यार्थ्यांनी पूर्वी कॅमेऱ्यांना विरोध केला होता. आता कॅमेरे का नव्हते, असा प्रश्न देशभर विचारला गेला. पोर गमावलेल्या आईला खाजगीपणाचं व्याख्यान कोण देणार? पण त्याच होस्टेलमध्ये रॅगिंग चालू असताना हाक ऐकून दार उघडणारं कुणी नव्हतं, हाही प्रश्न तेवढाच खरा.

आणि आपल्या महाराष्ट्रात, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. शाळेत कॅमेरे होते, पण पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग नाही, असं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. लगोलग राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावण्याचा आदेश काढला. कॅमेरा भिंतीवर असला म्हणजे काम झालं, असं नसतं. नको ते बाहेर जातं आणि हवं तेव्हा सापडत नाही, दोन्हीचं मूळ एकच. सांभाळणारा कोण, त्याला जाब विचारणारा कोण, हे ठरलेलं नसतं.

आता कायद्याचं बघू. बाई कपडे बदलताना, न्हाणीघरात किंवा अशा खाजगी क्षणी तिला चोरून टिपलं किंवा ते चित्र पसरवलं तर २०१३ पासून तो फौजदारी गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. पहिल्यांदा सिद्ध झाला तरी एक ते तीन वर्षं कैद. हे प्रत्येकीने पाठ करून ठेवावं. पण आमच्या त्या मुलीची क्लिप या कलमात सहज बसत नाही. ती गेटवर उभी होती, अंगभर कपड्यांत, दिवसाढवळ्या. तिचं नुकसान मात्र पूर्ण झालं. ही फट बुजवायला कॉलेजचे स्वतःचे नियम लागतात. माणसाची डिजिटल माहिती ज्याच्याकडे आहे त्याने ती ठरलेल्या कारणासाठीच वापरावी, जपावी आणि गरज संपल्यावर पुसावी, असं सांगणारा कायदा २०२३ मध्ये देशात झाला. त्यामुळे नियम कुठे आहेत, असं विचारायला आपल्याला आता अधिक आधार आहे.

म्हणून पोरीला प्रवेश घेताना फी आणि मेसचं विचारतो, तसंच चार गोष्टी विचारू या. कॅमेरे कुठे-कुठे आहेत आणि तसा फलक लावलाय का? स्क्रीनसमोर कोण बसतं, तिथे मोबाइल नेता येतो का? रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता आणि कुणाच्या लेखी परवानगीने बाहेर देता? आणि रात्री मुलीने हाक मारली तर धावून कोण येतं? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेरा बघतो, धावत नाही. छळाची तक्रार असेल तर कॉलेजात अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्यावर कोण आहे, त्यांचा फोन नंबर काय, तेही लिहून घ्या. एकटीने विचारलं तर ऑफिसातला माणूस वरून खालून बघतो. चौघी-पाचजणी मिळून गेलो की खुर्ची देतो, हा आपला बचतगटाचा अनुभव आहेच.

मेरीने दाराबाहेरचा धोका बघायला कॅमेरा लावला. क्लेरीबाईंनी कॉलेजची वही उघडायला लावली. बनारसच्या मुलींनी दिवे आणि मदत मागितली. 'मुलीवरच डोळा ठेवा' असं यातल्या एकीनेही मागितलं नव्हतं. ते मधल्यामध्ये आपल्या गळ्यात पडलं आणि सुरक्षा म्हणून आपण ते घेतलं.

हे सगळं आम्ही मागच्या बैठकीत वाचून दाखवलं. ती मुलगीही आली होती. आता मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून घरून शिकते. शेवटपर्यंत गप्प बसून ऐकलं. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे, मावशी. पण तुमच्या मोबाइलमधून ती क्लिप काढली का?"

कुणी काही बोललं नाही. एकेकीने मोबाइल बाहेर काढला. तिघींच्या मोबाइलमध्ये ती अजून होती. तिच्यासमोरच पुसली. एकीला पुसायचं कसं ते येत नव्हतं, तर त्या पोरीनेच तिला शिकवलं.

तुमच्याही मोबाइलमध्ये कुणाची तरी लेक असेल, मैत्रिणींनो. आज रात्री झोपायच्या आधी बघा. भेटू पुढच्या गुरुवारी. नमस्कार.